निपाह : निदानाला किती दिवस लागले ते मोजा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

केरळमध्ये निपाहचा, म्हणजे वटवाघळांकडून येणाऱ्या जीवघेण्या विषाणूचा, रुग्ण सापडल्याची बातमी आली की आपल्याकडे लगेच तुलना सुरू होते. कोणत्या सरकारने शाळा आधी बंद केल्या, कोणी सीमेवर तपासणी नाके लावले, कोणी किती वॉर्ड सील केले. या मोजमापाने आपली दिशाभूल होते, असे आमचे स्पष्ट मत आहे. निपाहच्या साथीत सरकार कसे वागले हे जाणून घ्यायचे असेल तर आधी दोन तारखा शोधाव्यात. पहिला रुग्ण दवाखान्यात आला ती तारीख, आणि आजाराचे खरे नाव निश्चित झाले ती. बहुतेक मृत्यू या दोन तारखांच्या मधल्या दिवसांत ठरून जातात. गेल्या पंचवीसेक वर्षांत मलेशिया, सिंगापूर, बांगलादेश आणि आपल्या देशातील दोन राज्ये यांच्या वाट्याला हा एकच विषाणू आला, त्यामुळे तुलनेला आधारही पक्का आहे.

सप्टेंबर १९९८ च्या अखेरीस मलेशियात इपोह शहराजवळच्या किंता जिल्ह्यात वराहपालन करणारी माणसे ताप आणि मेंदूज्वराने आजारी पडू लागली. काही रुग्णांच्या रक्तात जपानी मेंदूज्वराची प्रतिपिंडे मिळाली आणि सरकारने तेच निदान धरले. पुढचे सारे त्या निदानाला धरून यथासांग झाले. डासांसाठी धूरफवारणी झाली, डुकरांना लस दिली, माणसांनाही दिली. कागदावर हा प्रतिसाद चांगलाच तत्पर दिसतो. आजार मात्र दुसराच होता, आणि तो दुसरा असल्याच्या खुणा डोळ्यांसमोर होत्या. जपानी मेंदूज्वर मुख्यतः लहान मुलांना गाठतो. इथे कमावत्या वयाचे पुरुष मरत होते. तो डासांनी पसरतो, आणि डास शेजारपाजार सोडून फक्त डुकरे हाताळणाऱ्यांनाच शोधून चावत नाहीत. इथे डुकरांशी थेट संबंध आलेलेच आजारी पडत होते. लस घेतलेलेही पडत होते. सर्वांत मोठी खूण डुकरांचीच होती. जपानी मेंदूज्वराचा विषाणू डुकराच्या अंगात वाढतो, पण त्याने मोठे डुक्कर सहसा आजारी दिसत नाही. गाभण मादीची पिल्ले पोटात दगावतात, एवढेच. इथे डुकरे लांबवर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ठसकत होती, धापा टाकत होती आणि मरत होती.

भाव कोसळले तशी शेतकऱ्यांनी डुकरे मिळेल त्या किमतीला विकली, आणि ट्रकांमधून विषाणू दक्षिणेला नेगेरी सेंबिलान राज्यात पोहोचला. तिथल्या सुंगाई निपाह गावच्या रुग्णाच्या नमुन्यातून मलाया विद्यापीठाचे डॉ. चुआ कॉ बिंग यांनी मार्च १९९९ मध्ये नवा विषाणू वेगळा काढला. मग फवारणीचा भर ओसरला आणि कत्तलीची मोहीम जोरात आली. फेब्रुवारीअखेरपासून एप्रिलअखेरपर्यंत ८९६ फार्मवरची नऊ लाखांहून अधिक डुकरे मारली गेली. लष्करही उतरवावे लागले. साथ थांबली. तोवर २६५ जणांना लागण होऊन १०५ जण दगावले होते. निदानाला लागलेले दिवस मोजले तर साडेपाच महिने भरतात.

मलेशियाच्या सरकारने हालचाल केली नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. त्याने खूप हालचाल केली, पण पहिल्या अंदाजावर फेरविचार करायला उशीर केला. आपल्याकडेही तापाची साथ म्हटले की पहिले यंत्र धूरफवारणीचेच बाहेर निघते. डेंगीत त्याचा थोडाफार उपयोग आहे. पण फवारणी सुरू झाली म्हणजे निदानही झाले, असा समज रुजतो, आणि त्यात वेळ जातो.

सिंगापूरबद्दल थोडक्यात सांगता येईल. मार्च १९९९ मध्ये तिथे मलेशियाहून आलेली डुकरे कापणारे ११ कामगार आजारी पडले, एक दगावला. सरकारने डुकरांची आयात थांबवली, कत्तलखाने बंद केले, प्रकरण संपले. या यशाचे कौतुक होते ते योग्यच आहे, पण सिंगापूरमध्ये वराहपालन नव्हतेच, आणि विषाणूचे नाव त्याच दिवसांत शेजारी देशाने शोधून दिले होते. तयार निदान हाती असेल तर बंदीचा निर्णय सोपा असतो.

आता आपल्या देशातील दोन दाखले पाहू. जानेवारी-फेब्रुवारी २००१ मध्ये पश्चिम बंगालमधील सिलिगुडीत मेंदूज्वराची साथ आली. ६६ रुग्ण, ४५ मृत्यू. यातल्या सुमारे तीन चतुर्थांश लोकांना लागण रुग्णालयात झाली होती. कोणी कर्मचारी होते, कोणी शेजारच्या खाटेवरचे रुग्ण, कोणी भेटायला आलेले. एका रुग्णालयात तर २५ कर्मचारी आणि ८ भेटकरी आजारी पडले. हा निपाह होता, हे जपून ठेवलेल्या नमुन्यांवरून शोधनिबंधात प्रसिद्ध झाले ते २००६ साली. साथ चालू असताना डॉक्टरांना आपण कशाशी झुंजतो आहोत हेच ठाऊक नव्हते. त्या वेळी देशात हा विषाणू हाताळण्याजोगी प्रयोगशाळा नव्हती, त्यामुळे त्या राज्य सरकारला सरळ दोष देणे अन्यायाचे होईल.

मे २०१८ मध्ये केरळच्या कोळिकोडे जिल्ह्यात चित्र बदललेले दिसते, पण प्रचलित गौरवगाथेतून निसटणारा एक तपशील इथे नीट समजून घ्यायला हवा. पहिला रुग्ण पेरांब्रा तालुका रुग्णालयात आणि तिथून कोळिकोडेच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात गेला आणि ५ मे रोजी दगावला. त्याला निपाह असावा, अशी शंका कोणाला आली नाही, येण्याचे कारणही नव्हते. त्याच घरातला दुसरा तरुण तशाच लक्षणांनी एका खासगी रुग्णालयात आला, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी दोन्ही घटना एकत्र जोडल्या. एकाच घरात दोन तरुणांना मेंदूज्वर, हे एवढे एकच सूत्र. नमुने मणिपालच्या विषाणू प्रयोगशाळेत गेले आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने २० मेच्या सुमारास निपाहवर शिक्कामोर्तब केले. पहिल्या मृत्यूपासून जेमतेम पंधरा दिवस.

पण नंतरच्या तपासात दिसले की बहुतेकांना लागण त्या पहिल्या रुग्णापासूनच झाली होती, आणि तीही मेच्या पहिल्या आठवड्यात. ठिकाणे दोन : तालुका रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालयात सीटी स्कॅनच्या खोलीबाहेरचा बोळ. आपल्या कोणत्याही जिल्हा रुग्णालयातला असा बोळ आठवा. भिंतीला लावलेले स्ट्रेचर, त्यावर खोकणारा, उलट्या करणारा रुग्ण, त्याचे तोंड पुसणारा भाऊ, समोरच्या बाकावर अपघाताच्या रुग्णाचे नातेवाईक, मधून वाट काढणारा वॉर्डबॉय. त्या बोळात तासभर थांबलेल्या माणसांनी आपापल्या घरी विषाणू नेला. पहिल्या रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या पेरांब्राच्या परिचारिका लिनी पुथुस्सेरी निदानानंतर लगेचच, २१ मे रोजी गेल्या. म्हणजे केरळला पहिली फळी वाचवता आली नाही. वाचली ती दुसरी फळी. नाव कळल्यावर संपर्कात आलेल्या अडीच हजारांवर लोकांची यादी झाली, रोज ताप विचारला गेला, लक्षण दिसताच रुग्णाला वेगळ्या वाटेने विलगीकरण कक्षात नेले गेले, आणि साखळी तुटली. प्रयोगशाळेत निश्चित झालेल्या १८ रुग्णांपैकी दोघेच वाचले, पण जूनअखेर साथ संपल्याचे जाहीर करता आले.

हे शक्य झाले त्यामागे विषाणूचा स्वभावही आहे. निपाह माणसातून माणसात गोवरासारखा भराभर जात नाही. सरासरी काढली तर एका रुग्णापासून एकाहून कमी जणांना लागण होते. बहुतेक रुग्णांपासून कोणालाच होत नाही, आणि जोरात खोकणारा, श्वास लागलेला एखादा रुग्ण दहा-पंधरा जणांना देऊन जातो. म्हणून अख्खा जिल्हा बंद करून फारसे हाती लागत नाही. त्या एका रुग्णाला पहिल्या दिवशी ओळखून बोळाबाहेर काढले तर बहुतेक सगळे मिळते.

पुढच्या वर्षी एर्नाकुलममध्ये २०१९ ला एक विद्यार्थी आजारी पडला. या वेळी शंका लवकर आली, तीनशेवर संपर्क तपासले गेले, एकालाही लागण झाली नाही आणि तो विद्यार्थीही बरा झाला. २०२३ मध्ये मात्र एवढा अनुभव गाठीशी असलेल्या त्याच राज्याचे तेरा दिवस पुन्हा गेले. कोळिकोडेतील पहिला रुग्ण ३० ऑगस्टला दगावला आणि निपाह निश्चित झाला १२ सप्टेंबरला. त्या साथीत मेंदूज्वरापेक्षा निमोनियाची लक्षणे ठळक होती, त्यामुळे पहिला मृत्यू डोळ्यांत भरला नाही. दुसरा मृत्यू झाला, पहिल्या रुग्णाच्या घरातली मुले आजारी पडली, तेव्हा धागा जुळला. एकूण सहा रुग्ण, दोन मृत्यू. पहिल्या रुग्णाच्या घशाचा स्वॅब रुग्णालयात शिल्लक होता, म्हणूनच तो निपाहच होता हे मागाहून सिद्ध झाले. कारण न कळलेल्या तापाने झालेल्या मृत्यूनंतर नमुना फेकून न देणे, ही सवय किती मोलाची आहे ते यावरून कळावे. त्या वेळी शाळा बंद झाल्याच्या बातम्या मोठ्या छापून आल्या. या स्वॅबची ओळ-दोन ओळींतच बोळवण झाली.

बांगलादेशची गोष्ट वेगळी, आणि आमच्या मते सर्वांत कमी सांगितली गेलेली. तिथे २००१ पासून जवळजवळ दर हिवाळ्यात निपाह येतो. बाधितांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक दगावतात. सुरुवातीला तिथेही गोंधळ होता. २००४ मध्ये फरीदपूरला ३६ रुग्णांपैकी २७ दगावले, आणि तिथे माणसाकडून माणसाला लागण होते हे स्पष्ट झाले. २००५ मध्ये टांगाइलच्या तपासात कच्च्या खजुरी रसाचा धागा मिळाला. हा रस रात्रभर मडक्यात ठिबकतो आणि पहाटे ताजा प्यायला जातो. रात्री झाडावर कॅमेरे लावले तेव्हा फळे खाणारी वटवाघळे खोडाच्या सोललेल्या भागावरून वाहणारा रस चाटताना दिसली. लाळ आणि लघवी त्याच धारेत मिसळते. श्रीमंत प्रयोगशाळांचे जाळे नसलेल्या या देशाने २००६ पासून ठरावीक रुग्णालयांत मेंदूज्वराच्या रुग्णांवर कायम नजर ठेवली. उपायही झाडापाशीच काढला. सोललेला भाग आणि मडक्याचे तोंड झाकणारी बांबूच्या कामट्यांची झडप, जिला तिथे ‘बाना’ म्हणतात. गाछी, म्हणजे रस काढणारे लोक, ती हाताने विणतात. अडचण अशी की रोज संध्याकाळी ती प्रत्येक झाडावर बांधावी लागते आणि झाकलेल्या रसाला जादा भाव मिळत नाही, म्हणून सगळे बांधत नाहीत. त्यामुळे सरकारचा मुख्य निरोप ‘कच्चा रस पिऊ नका’ हाच राहिला. निपाह तिथे संपलेला नाही. पण दर वर्षी त्याचे निदान होते, आणि ही साधी गोष्ट नाही.

महाराष्ट्राचा संबंध इथे दोन ठिकाणी येतो. ज्या झाडाचा हा रस, ती आपली शिंदी. आपल्याकडेही नीरा पहाटे ताजीच, न उकळता प्यायली जाते आणि गाडगी रात्रभर उघडी टांगलेली असतात. आपल्या नीरेतून निपाह झाल्याची नोंद नाही, आणि आम्ही घबराट पसरवू इच्छित नाही. पण गाडग्याचे तोंड आणि वरचा काप बारीक जाळीने किंवा कामट्यांच्या झडपेने झाकण्याचा खर्च किरकोळ आहे. नीरा केंद्रांना ही अट आजच घालता येईल. दुसरा संबंध महाबळेश्वरचा. मार्च २०२० मध्ये तिथल्या एका गुहेतून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने घेतलेल्या वटवाघळांच्या नमुन्यांत निपाहच्या खुणा मिळाल्या. यावरून झाडे तोडणे, गुहेत धूर करणे असले उद्योग कोणी करू नयेत. हुसकावलेली वटवाघळे मरत नाहीत, पसरतात. केरळमध्ये २०१८ ला पहिल्या खेपेला विहिरीतली वटवाघळे पकडून तपासली ती निर्दोष निघाली, कारण ती कीटक खाणारी होती. विषाणू मिळाला तो नंतर तपासलेल्या मोठ्या फळखाऊ वटवाघळांत. कोणते वटवाघूळ हे न पाहता दगड उचलण्यात काही हशील नाही.

मग आपल्या आरोग्य विभागाने काय करावे? नवे कायदे नकोत. साथरोगांचा १८९७ चा कायदा याच मुंबई इलाख्यातल्या प्लेगच्या काळात आला. त्या वेळी पुण्यात घरझडतीच्या धाकाने लोक रुग्ण लपवू लागले, हा इतिहास आपल्याला तोंडपाठ आहे. लपवलेला रुग्ण म्हणजे लांबलेले निदान. हवी आहे ती जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत एक साधी, लेखी सूचना : एका घरात, एका वॉर्डात किंवा एकाच रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांत तीन आठवड्यांच्या आत दोघांना कारण न सापडणारा मेंदूज्वर किंवा तीव्र श्वसनदाह झाला, तर वरिष्ठांच्या परवानगीची वाट न पाहता त्याच दिवशी नमुने घ्यायचे आणि पुण्याला कळवायचे. रात्रपाळीच्या डॉक्टरला हा अधिकार हवा. आज बहुतेक ठिकाणी फाइल वर जाते आणि सोमवारी खाली येते.

नमुने चार. घशाचा स्वॅब विषाणू टिकवून ठेवणाऱ्या वाहक द्रावणात. लघवी दहा मिलिलिटर, निर्जंतुक डबीत. रक्त किमान पाच मिलिलिटर, साध्या कुपीत. आणि शक्य असेल तर पाठीच्या कण्यातले पाणी किमान एक मिलिलिटर. चारही घेण्याचे कारण असे की आजाराच्या सुरुवातीला स्वॅब आणि लघवीत विषाणू सापडण्याची शक्यता जास्त, तर उशिरा आलेल्या रुग्णात रक्तातील प्रतिपिंडेच साथ देतात. केवळ रक्त पाठवले आणि ते दुसऱ्या दिवसाचे असले, तर अहवाल ‘नाही’ येतो आणि सगळे निर्धास्त होतात. बांधणी तिहेरी : घट्ट झाकणाची कुपी, ती शोषक कापसात गुंडाळून गळती न होणाऱ्या डब्यात, आणि तो डबा बाहेरच्या मजबूत पेटीत. ४८ तासांत पोहोचणार असेल तर २ ते ८ अंश तापमान पुरते. चूक होते ती नेमकी इथे. सुट्या बर्फात कुप्या ठेवल्या जातात, बर्फ वितळतो, लेबलावरची शाई जाते. किंवा पेटी शनिवार-रविवार वॉर्डच्या फ्रीजमध्ये पडून राहते. जेलचे बर्फपॅक आणि पेन्सिलने लिहिलेली चिकटपट्टी एवढ्याने निम्म्या तक्रारी मिटतात. सोबतच्या फॉर्मवर लक्षणे सुरू झाल्याची तारीख नसेल तर प्रयोगशाळेला अहवालाचा अर्थ लावता येत नाही. हा रकाना रिकामा ठेवू नये, एवढे तरी परिचारिकांना आणि प्रशिक्षणार्थी डॉक्टरांना निक्षून सांगायला हवे.

घाई कशासाठी, याचे उत्तर विदर्भात आहे. मेंदूज्वर आणणाऱ्या चांदीपुरा विषाणूला नागपूरजवळच्या गावाचे नाव मिळाले ते १९६५ मध्ये. २००३ मध्ये त्याने आंध्र प्रदेशात १८३ मुलांचा बळी घेतला, महाराष्ट्रालाही झळ लागली. या आजारात मूल अनेकदा ताप आल्यापासून ४८ तासांत जाते. नमुना उद्या घेऊ म्हटले तर उद्या मूल नसते, आणि नमुनाही नसतो.

शंका आल्या क्षणापासून त्या रुग्णाजवळ एकच नातेवाईक, तोच शेवटपर्यंत. त्याचे नाव, गाव, मोबाइल नोंदवहीत. त्याला मास्क द्यावा आणि खाटेपाशी साबण ठेवावा, कारण आपल्याकडे रुग्णाला भरवणे, तोंड पुसणे, उष्टे उचलणे हे नातेवाईकच करतात, आणि लागण याच कामांतून होते. सीटी स्कॅनला न्यायचे तर बोळ आधी रिकामा करून, रुग्णालाही मास्क लावून. खोलीत काम करणाऱ्याला एन-९५, डोळ्यांवर ढाल, गाऊन आणि हातमोजे. निर्जंतुकीकरणाला महागडे द्रावण लागत नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीत असते ती टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पुरते. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन धरले तर एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम घातल्यावर एक टक्क्याचे द्रावण होते. उलटी-रक्त सांडले तर त्यावर फडके टाकून हे ओतावे आणि अर्धा तास थांबून मग पुसावे. फरशी आणि खाटांना १५ ग्रॅमचे अर्धा टक्का चालते. द्रावण रोज नवे करायचे. कोपऱ्यात तोंड उघडे राहिलेल्या पोत्यातला क्लोरीन केव्हाच उडून गेलेला असतो आणि उरतो तो चुना. वास येत नसेल तर ती पावडर वापरू नये. मृतदेहाला आंघोळ घालू नये, गळती न होणाऱ्या पिशवीतच अंत्यसंस्कार व्हावेत. पण कुटुंबाला लांबून तोंड पाहू द्यावे आणि धर्माप्रमाणे विधी होऊ द्यावा. केरळमध्ये स्मशानातले कामगारच घाबरून मागे हटल्याचा अनुभव आहे, तेव्हा त्यांचे प्रशिक्षण साथीच्या आधी झालेले बरे.

शेवटची मागणी खर्चाची नाही. देशाच्या रोग सर्वेक्षण कार्यक्रमाच्या साप्ताहिक अहवालात प्रत्येक उद्रेकासमोर दोन तारखा छापल्या जातात : उद्रेक सुरू झाला ती आणि कळवला गेला ती. महाराष्ट्राने आपल्या अहवालात तिसरा रकाना जोडावा, प्रयोगशाळेने निदान निश्चित केले त्या तारखेचा. निदान झाले नसेल तर तिथे तसे स्पष्ट छापावे. आणि आपल्या दैनिकाने तो अहवाल दर आठवड्याला जिल्हावार प्रसिद्ध करावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

कळावे, लोभ असावा.

आपले,
साथरोग सर्वेक्षण आणि सूक्ष्मजीवशास्त्र या क्षेत्रांत काम करणारे काही डॉक्टर, पुणे